गाळलेलं वाक्य

साक्षीदार खोटं बोलतो याचं ऊ सान म्याला कधीच वाईट वाटलं नाही. खोटं बोलणारा निदान मुद्द्याचं बोलतो. त्याला वैताग यायचा तो खऱ्या साक्षीदारांचा. खरा साक्षीदार म्हणजे नुसतं चऱ्हाट. ‘तू कुठं उभा होतास’ एवढंच विचारावं, तर हा बाबा सकाळी उठल्यापासून सुरुवात करणार. बैल कसा लंगडत होता, सासूने मोहिंगा किती तिखट केला होता, हे सगळं सांगून झालं की मग सावकाश विहिरीपाशी येणार, आणि ऐन वेळी हात झटकून म्हणणार, “पुढचं काय, तुम्हाला ठाऊकच आहे, सया.”

तमागोनच्या सेशन कोर्टात ऊ सान म्या दुभाष्या होता. साक्षीदार बर्मी बोलायचा, ऊ सान म्या त्याचं इंग्रजी करायचा आणि जज्ज पेनफोल्डसाहेब ते स्वतःच्या हाताने उतरवून घ्यायचे. साहेबांचं लिहिणं सावकाश, साक्षीदारांची तोंडं भरधाव, आणि मधल्यामध्ये हा भरडला जायचा. म्हणून त्याने आपली एक पद्धत बसवली होती. तांदूळ निवडावेत तसं तो बोलणं निवडायचा. बैल, सासू, मोहिंगा हे सगळे खडे. ते बाजूला काढायचे आणि स्वच्छ तांदूळ तेवढे साहेबांपुढे ठेवायचे. ‘तुम्हाला ठाऊकच आहे, सया’ हा तर नेहमीचाच खडा. शिकलेल्या माणसाला आमच्याकडे सगळे सया म्हणतात, आणि सयाला सगळं ठाऊक असतं असं धरूनच बोलतात. त्याचं इंग्रजी कोण करत बसणार? साहेब त्याच्यावर खूश होते. “तुमचं भाषांतर कोरडं असतं,” असं ते म्हणायचे, आणि पेनफोल्डसाहेबांच्या तोंडून हे कौतुकच होतं.

सोल्जरांचा खटला मात्र पहिल्या दिवसापासून डोक्याला ताप होऊन बसला.

छावणीच्या कडेला एक विहीर आहे, विहिरीशेजारी चिंचेचं झाड. को तोक नावाचा ताडी काढणारा रोज संध्याकाळी तिथं मडकी मांडून बसायचा. एका संध्याकाळी, दिवेलागणीला, तो तिथंच मारला गेला. डोकं फुटलं होतं. गोऱ्या पलटणीतले कॉर्पोरल डनिंग आणि शिपाई रोर्क हे दोघं त्या वेळी विहिरीकडे गेले होते, एवढं छावणीच्या पहाऱ्यावरून कळलं, आणि दोघांवर खुनाचा आरोप ठेवला गेला. गावातल्या बुजुर्गांचं म्हणणं पडलं की प्रकरण आपसांत मिटवावं. मेजरसाहेब येतील, चार शब्द बोलतील, संपलं. को तोकची बायको मा न्येन त्याला तयारही झाली होती.

तिला ऊ सान म्यानेच अडवलं. बाई त्याच्याच पेठेतली होती.

“मिटवू नकोस,” तो तिला म्हणाला. “कोर्टात साक्षीदार शपथेवर बोलतील. कोणी मारलं ते भर कोर्टात सांगितलं जाईल. एकदा सांगितलं गेलं की ते कोणाला पुसता यायचं नाही.”

“सांगतील ना नक्की?” तिने विचारलं होतं. “असा अवचित मेलेला माणूस घर सोडून जात नाही, सया. रोज संध्याकाळी मडकी वाजतात. त्याला एकदा सांगायला पाहिजे कोणी मारलं ते, म्हणजे जाईल तो बिचारा.”

मडक्यांचं ऊ सान म्याला काही पटलं नव्हतं. मिशनच्या शाळेत शिकलेला माणूस तो. पण कोर्टावर त्याचा विश्वास होता, आणि तो त्याने तिला देऊन टाकला. तेव्हापासून ती रोज येऊन व्हरांड्यात, दारासमोरच्या भिंतीला टेकून बसायची. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. ती दिवसभर ऊ सान म्याच्या तोंडाकडे बघायची.

पहिला साक्षीदार को श्वे, गाडीवान. म्हाताऱ्या पट्टेवाल्याने शपथेची ताडपत्रांची पोथी त्याच्या डोक्यावर धरली आणि नेहमीचे शाप घडाघडा म्हणून टाकले: खोटं बोललास तर साप डसो, मगर ओढून नेवो, नाव भर नदीत उलटो. को श्वेने डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं आणि मग त्याचं गुऱ्हाळ सुरू झालं. बैल आला, बैलाचा खूर आला. सरकारी वकील गुहबाबू बंगाली होते आणि त्यांना सुपारी खायला बाहेर जायची घाई असायची.

“विहिरीवर ये म्हणावं त्याला,” ते करवादले.

“विहिरीवर ये,” ऊ सान म्या म्हणाला.

“आलोच की. भुरभुर पाऊस होता, सया. अंगरखा ओला झालेला. को तोक बसलेला होता आणि तो उंच सोल्जर त्याच्या मागून आला. हातात काठी होती. एकच घातली. पुढचं काय, तुम्हाला ठाऊकच आहे.”

ऊ सान म्याने भाषांतर केलं. पाऊस, उंच सोल्जर, काठी, एक घाव. शेवटचा खडा बाजूला टाकला. साहेबांनी लिहून घेतलं. उंच सोल्जर म्हणजे डनिंग. गुहबाबूंनी समाधानाने मान हलवली. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग डॉ ओन आली; डॉ हे आमच्याकडे थोरल्या बाईच्या नावाआधी मानाने लावतात. ही भोपळ्याची भजी विकणारी म्हातारी, विहिरीच्या वाटेवरच तिची कढई असते.

“पाऊस?” ती म्हणाली. “कुठला पाऊस? पावसात माझी कढई पेटली असती का? आभाळ नुसतं लाल झालं होतं. आणि उंच कसला, बुटका होता मेला! को तोक उभा होता, मडकं भरत होता. त्या बुटक्याने बाटली मारली. काचा अशा उडाल्या, तुमच्या अगदी पायाशी येऊन पडल्या, सया.”

ऊ सान म्याने “काचा” इथपर्यंत भाषांतर केलं आणि थांबला.

“माझ्या पायाशी कशा पडतील?” तो बर्मीत म्हणाला. “नीट बोल आजी. कोणाच्या पायाशी?”

डॉ ओनने त्याच्याकडे पाहिलं. मग तिचा चेहरा एकदम समजूतदार झाला. “बरं बरं,” ती म्हणाली. “नाही म्हणत. कोणाच्याच नाही पडल्या.”

“काय म्हणते ती?” साहेबांनी टाक उचलून विचारलं.

“काही नाही, सर. थोडक्यात सांग म्हटलं तिला.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी दोन्ही साक्षी शेजारी शेजारी धरून पाहिल्या. एकीत पाऊस, एकीत लख्ख आभाळ. एकीत काठी, एकीत बाटली. एकीत उंच, एकीत बुटका. ज्यूरीत बसलेला लाकडाचा व्यापारी शेजारच्या पाद्रीबुवांच्या कानात काहीतरी कुजबुजला आणि दोघांनी खांदे उडवले.

जेवणाच्या सुट्टीत ऊ सान म्याने को श्वेला व्हरांड्याच्या टोकाला गाठलं. तो उकिडवा बसून चिरूट ओढत होता.

“मघाशी मला काय म्हणालास? ठाऊकच आहे म्हणजे?”

“म्हणजे ठाऊक आहे.” को श्वे घाबरून उठला. “चुकलं का माझं? मी तुमचं नाव घेतलं नाही, सया. देवाशपथ नाही घेतलं.”

“माझं नाव घेण्याचा संबंधच काय?”

“तेच तर. संबंध नाही. तुम्ही आपले चिंचेखाली उभे होता. कंदील धरून.”

ऊ सान म्या भडकला. “अरे, मी त्या दिवशी गावात नव्हतो! मी येबूला होतो! साहेबांबरोबर दौऱ्यावर! बैलगाडीने दीड दिवसाची वाट आहे येबूची, तू गाडीवान, तुला सांगायला पाहिजे?”

“नाही, नाही,” को श्वे म्हणाला. “येबूलाच असाल. आम्ही काय, अडाणी माणसं.” आणि त्याने चिरूट विझवला. मोठ्या माणसापुढे उद्धटपणा नको म्हणून विझवतात तसा.

भिंतीवर डोकं आपटावं असं ऊ सान म्याला झालं. येबूची ती संध्याकाळ त्याला लख्ख आठवत होती. डाकबंगल्यात साहेब टेबलाच्या त्या बाजूला, तो या बाजूला. बंधाऱ्याच्या तंट्याचे कागद मधे पसरलेले. खानसाम्याने माशाचं कालवण केलं होतं आणि त्यात मीठ नव्हतं. त्याने साहेबांना बंधाऱ्याचा सगळा इतिहास सांगितला होता आणि साहेब दोनदा मोठ्याने हसले होते. डासांनी जीव नकोसा केला होता. एवढं सगळं झालेलं असताना माणूस चिंचेखाली कसा उभा राहील?

दुसऱ्या दिवशी ऊ पान सुताराची साक्ष झाली. हा माणूस शांत, गावात मान असलेला, ताडीला शिवत नाही. याच्या साक्षीवर सगळी भिस्त होती. ऊ पानने सांगितलं की सोल्जर तीन होते. पाऊस नव्हता, पण वारा होता. को तोकला बंदुकीच्या दस्त्याने मारलं.

“तू पुढे का झाला नाहीस?” गुहबाबूंनी विचारायला लावलं.

“मी निघालो होतो,” ऊ पान म्हणाला. तो ऊ सान म्याकडे सरळ बघत होता, त्याच्या नजरेत ना भीती ना आरोप. “तुम्हीच म्हणालात, पुढे येऊ नकोस.”

ऊ सान म्याने मान वळवून कोर्टात बसलेल्या बर्मी लोकांकडे पाहिलं. कोणीतरी दचकेल, कुजबुजेल, निदान हसेल असं त्याला वाटलं होतं. कोणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. बाहेर भिंतीला टेकलेली मा न्येन त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“काय म्हणाला?” साहेबांनी विचारलं.

“कोणीतरी त्याला म्हणालं, पुढे येऊ नकोस.”

“कोण?”

ऊ सान म्याने मान साहेबांकडे वळवली. “ओळखीचा माणूस,” तो म्हणाला.

हा खडा नव्हता, हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं.

घरी जेवताना त्याने बायकोवर सगळा राग काढला. मा सेन बिचारी भात वाढत होती.

“वेडे झालेत सगळे,” तो म्हणाला. “एकाचा पायपोस एकाच्या पायात नाही. पाऊस नाही, आभाळ नाही, काठी नाही, बाटली नाही. एकमत कशावर, तर माझ्यावर!”

“मग साहेबांना सांगून टाका ना.”

“काय सांगू? साक्षीदार भ्रमिष्ट आहेत म्हणून? साहेबांना स्वतःला ठाऊक आहे मी कुठं होतो ते. ते ऐकल्यावर या लोकांच्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवतील का? सोल्जर सुटतील. मग त्या बाईला मी काय तोंड दाखवू?”

मा सेनने भाताचं भांडं खाली ठेवलं. मग तिने विचारलं, “येबूला तब्येत बरी होती ना तुमची?”

“उत्तम होती!” तो ओरडला, आणि ताट अर्धवट टाकून उठला.

साक्षी संपल्या त्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. पंखा ओढणारा पेंगत होता आणि वरचं कापड नुसतं लोंबकळत होतं. साहेबांचा धीर सुटत चालला होता. त्यांनी कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटला.

“मिस्टर गुह,” ते म्हणाले, “तुमच्या साक्षीदारांमध्ये एका गोष्टीवर, कुठल्याही एका गोष्टीवर, दोघांचं तरी एकमत आहे का?”

गुहबाबूंनी कपाळ पुसलं. ऊ सान म्या खाली मान घालून उभा होता.

“आरोपींना काही सांगायचं आहे?”

डनिंग म्हणाला, नाही. तो सबंध खटलाभर समोरच्या भिंतीकडे बघत बसला होता. रोर्क मात्र उठला. तो बुटका, लाल केसांचा पोरगेला सोल्जर होता, आणि तोही वैतागलेलाच दिसत होता.

“मला एक कळत नाही, सर,” तो म्हणाला. “इतके दिवस या सगळ्यांना कशाला विचारता? त्याला विचारा ना.”

त्याने बोट दाखवलं.

“तुमच्या दुभाष्याला. तो तिथंच होता. कंदील त्याच्याच हातात होता. आम्ही काय केलं आणि काय नाही ते त्याला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे.”

ज्यूरीतला लाकडाचा व्यापारी मोठ्याने हसला. पाद्रीबुवाही हसले. साहेब हसले नाहीत.

“हे पहिल्यांदाच ऐकतोय मी,” ते म्हणाले. मग ऊ सान म्याकडे वळले. “आणखी कोणी असं म्हणालं होतं?”

इथं खोटं बोलता आलं असतं. कोर्टात बर्मी आणि इंग्रजी दोन्ही नीट जाणणारा दुसरा माणूस नव्हता. पण दुभाष्यानेही सेशनच्या सुरुवातीला पोथी डोक्यावर घेतलेली असते. आणि खरं सांगायचं तर शापांना तो भ्यायला नाही. तो थकला होता. ते वाक्य गाळून गाळून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता.

“हो, सर,” तो म्हणाला.

“कोण?”

“सगळेच.”

“तुम्ही मला सांगितलं नाहीत.”

“मला तो पाल्हाळ वाटला, सर.”

साहेबांनी टाक खाली ठेवला.

“तुम्ही त्या संध्याकाळी येबूला होता.”

“हो, सर.”

“माझ्यासमोर. टेबलाच्या पलीकडे.”

“हो, सर.”

साहेब ज्यूरीकडे वळले. त्यांचा आवाज आता थंड झाला होता. या खटल्यात साक्षीदारांचं एकाच गोष्टीवर एकमत आहे, ते म्हणाले, आणि ती गोष्ट धादांत खोटी आहे हे मी स्वतः, माझ्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे, जाणतो. ज्यांना तिथं नसलेला माणूस दिसला, त्यांना आणखी काय काय दिसलं असेल याचा विचार तुम्ही करायचा आहे.

ज्यूरी उठून आतसुद्धा गेली नाही. माना एकमेकांजवळ आल्या, लांब झाल्या, आणि व्यापारी उभा राहून म्हणाला, निर्दोष. दोघंही.

सोल्जरांनी टोप्या घातल्या. जाताना रोर्क ऊ सान म्याच्या शेजारून गेला आणि थबकला. “मी तुमच्यावर ढकलत नव्हतो, बरं का,” तो ओशाळून म्हणाला. “मला वाटलं, तुम्ही सांगाल.” मग तो डनिंगमागे निघून गेला.

साहेबांनी ऊ सान म्याला आत बोलावलं. ते खिडकीशी उभे होते.

“मी ज्यूरीला सांगितलं ते खरं आहे,” ते म्हणाले. “तुम्ही माझ्यासमोर होता. त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.”

“मलाही नाही, सर.”

“पण एक विचारतो. त्या संध्याकाळी तुम्हाला बरं नव्हतं का?”

“का, सर?”

“तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मी बंधाऱ्याचं विचारलं, तुम्ही नुसते बघत राहिलात. जेवलाही नाहीत. कालवण तसंच राहिलं. मी खानसाम्याला म्हणालोसुद्धा, यांना झोपू दे.” साहेबांनी घसा साफ केला. “असो. बाहेर त्या बाईला निकाल समजावून सांगा. तेवढं तुमचं काम राहिलंय.”

ऊ सान म्याच्या जिभेवर तेव्हाही त्या अळणी कालवणाची चव होती.

तो बाहेर आला. व्हरांडा रिकामा झाला होता. दुपारचं ऊन पायऱ्यांपर्यंत आलं होतं. मा न्येन उठून व्हरांड्यात दुभाष्यासाठी ठेवलेल्या बाकाशेजारी, जमिनीवर येऊन बसली होती. तिच्यापुढे लाखेचा एक गोल डबा होता.

तो तिच्यासमोर बाकावर टेकला आणि निकाल सांगायला लागला. एकही शब्द न गाळता सांगितला. पाऊस, आभाळ, काठी, बाटली. साक्षीदारांचं एकमत कशावर झालं ते सांगितलं. ते खोटं कसं ठरलं तेही सांगितलं. साहेबांनी आत विचारलं तेवढं मात्र सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं भाषांतर कोरडं नव्हतं.

तिने सगळं ऐकून घेतलं.

“सुटले म्हणजे,” ती म्हणाली.

“सुटले. माझं चुकलं. मी तुला कोर्टात यायला सांगायला नको होतं.”

“असू दे, सया. कोर्टाचं कोर्टापाशी.” तिने डब्याचं झाकण काढलं. आत लफे होतं, मुरवलेल्या चहाची तेल चोपडलेली पानं, भोवती तीळ आणि तळलेला लसूण. वाद मिटला की दोन्ही पक्ष समोरासमोर बसून ते खातात. खाल्लं की विषय संपला, मग वर कोणाकडे दाद मागायची नाही. “आता तुमचं आणि माझं तेवढं मिटवून टाकू.”

“तुझं आणि माझं?” ऊ सान म्याचा सगळा वैताग उसळून वर आला. “मा न्येन, अगं तू तरी! आत्ताच सांगितलं ना मी? मी तिथं नव्हतो. मी येबूला होतो. खुद्द जज्जसाहेबांनी सांगितलं भर कोर्टात!”

“हो, सांगितलं ना तुम्ही.” ती शांतपणे तीळ आणि पानं कालवत होती. “मी तुमच्याशी भांडायला नाही आले. कोणी मारलं तेही नाही विचारत. ते साहेबांनाच नाही सापडलं, तुम्हाला कशाला त्रास देऊ? एकच विचारायचं होतं. मी घरी होते ना, मला कोणी सांगणारं नाही.”

“काय?”

“शेवटी आमचे हे काही बोलले का हो?”

मला काय ठाऊक, असं म्हणायला ऊ सान म्याने तोंड उघडलं. आयुष्य त्याचं याच कामात गेलं होतं. कोणी विचारलं की मधे विचार न करता त्याचं उत्तर द्यायचं.

“पाणी मागितलं,” तो म्हणाला.

खाली रस्त्यावरून एक बैलगाडी कुरकुरत गेली.

हे कुठल्याही साक्षीदाराने सांगितलेलं नव्हतं. हे कोणाच्याही साक्षीत नव्हतं. ऊ सान म्याला ते शब्द परत घ्यायचे होते आणि ते कसे घेतात हे त्याला सुचेना.

मा न्येनने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण चेहरा मोकळा झाला होता.

“विहीर तर जवळच आहे,” ती म्हणाली. “दिलंत का?”

“नाही.”

“का हो?”

“हात मोकळा नव्हता,” ऊ सान म्या म्हणाला.

तिने चिमूटभर लफे उचलून आधी आपल्या तोंडात टाकलं, मग डबा त्याच्यासमोर सरकवला. तो बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने हात पुढे केला आणि खाल्लं.